कमरेचा छल्ला आणि चौदा किल्ल्या

मी एक जुना चांदीचा छल्ला आहे. किल्ल्या अडकवून कमरेला लावतात, तो. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना आधी आपली थोरवी सांगायची रीत आहे. मी मात्र आधी हे सांगतो की, माझी मलाच किळस येते. चाळीसहून अधिक वर्षे मी एका माणसाच्या पँटच्या पट्ट्याला लटकलो. त्याच्या घामाने काळा पडलो. आणि ज्या कामासाठी माझा जन्म झाला, नेमके त्याच्या उलटे काम करत राहिलो.

माझा जन्म हुपरीचा. तिथे घरोघरी चांदीचे काम चालते. सोप्यात बसून एका कारागिराने माझा आकडा वाकवला, माझ्यावर मोराची जोडी कोरली आणि त्याच्या बायकोने खाली पाच घुंगरे लावली. घुंगरे लावताना ती म्हणाली होती, "घरची लक्ष्मी कुठं फिरतीया ते कळायला नगं व्हय?" दानम्माच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि लेकीच्या लग्नात तिच्या ओंजळीत ठेवले. म्हणजे मी दानम्माचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळेजण ते विसरले.

लग्नानंतर पाचव्या दिवशी दानम्माच्या सासूने, सगळे तिला अव्वा म्हणत, आपल्या कनवटीच्या किल्ल्या सोडल्या आणि माझ्यात एकेक करून ओवल्या. दाराची, कपाटाची, कोठीच्या खोलीची. मग मला सुनेच्या कमरेला खोचले. अव्वाने तेव्हा पंचावन्नही ओलांडली नव्हती. अंगठा उठवणारी बाई, सात मुलांची आई. ती म्हणाली, "आता घर तुझं. माझी कंबर हलकी झाली बघ." आणि खरोखरच हसत हसत अंगणात जाऊन शेंगा फोडत बसली. त्यानंतर तिने कोठीत पाऊल टाकले ते सुनेला विचारूनच.

तिचा पाचवा मुलगा रामलिंग, म्हणजे दानम्माचा नवरा. स्वातंत्र्य मिळाल्यावर देशात घरोघरी पाळणे हलले, त्या भरल्या गोकुळातला हा एक. या पिढीला सगळे नवेकोरे मिळाले. गावात नवी शाळा आली तेव्हा हे पहिलीत. कॉलेज निघाले तेव्हा हे कॉलेजात. नोकऱ्या यांची वाट बघत दारात उभ्या होत्या. रामलिंगने कॉलेजात असताना सायकलवरून मोर्चे काढले, भिंतींवर गेरूने समतेच्या घोषणा लिहिल्या आणि मग कोल्हापूरच्या एका शाळेत बत्तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. सत्तेचे विकेंद्रीकरण हा धडा तो फार छान शिकवायचा म्हणे. पोरे टाळ्या वाजवायची.

घरी त्याने काय केले ते ऐका. लग्नाला वर्षही झाले नव्हते. दानम्मा एकदा कपाटाला किल्ली तशीच ठेवून पाणी भरायला गेली. चोरी नाही, हरवले नाही, काही नाही. पण रामलिंगने हात पुढे केला. "तू भोळी हायेस. आण हिकडं, मी संभाळतो." आणि मी तिच्या कमरेवरून त्याच्या पट्ट्यावर गेलो. अव्वा कोपऱ्यातून बघत होती. ती एवढेच म्हणाली, "बाप्या माणसाच्या कमरंला घुंगरं?" रामलिंगने त्याच दिवशी पकडीने माझी चार घुंगरे तोडली. पाचवे निघता निघेना, म्हणून राहिले.

मी त्याचे श्रेय नाकारत नाही. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी शहराबाहेरच्या माळावर कॉलनी वसवली. स्वतः घमेली उचलली, झाडे लावली, पाण्यासाठी कचेरीत हेलपाटे घातले. श्रमदानाने हॉल बांधला. हॉलच्या पायाभरणीला मीही चिखलाने माखलो होतो आणि खरे सांगतो, त्या दिवशी मला माझ्या मालकाचा अभिमान वाटला होता. पण ही माणसे एकदा खुर्चीवर बसली ती बसलीच. रामलिंग एकतीस वर्षे कॉलनीचा अध्यक्ष आहे. हॉलची किल्ली माझ्यात, बागेच्या फाटकाची माझ्यात, पाण्याच्या टाकीच्या खोलीची माझ्यात. कॉलनीतल्या चार मुली परीक्षेच्या अभ्यासासाठी हॉल मागायला आल्या, तर म्हणाला, "खुर्च्या मोडतील." त्या खुर्च्यांवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. मुली देवळाच्या पायरीवर बसून वाचतात. अव्वा गेली, तिच्याबरोबर कंबर हलकी करायची विद्याही गेली.

एकेक करत किल्ल्या चौदा झाल्या. चौदांपैकी एकीवरही खूण नाही. कुठली कशाची हे फक्त रामलिंगच्या बोटांना माहीत, आणि मला.

त्याचा मुलगा सोमेश चव्वेचाळीस वर्षांचा आहे. फौंड्रीत दीडशे माणसे त्याच्या हाताखाली आहेत. पण हा गृहस्थ संध्याकाळी घरी येतो तेव्हा दारातली बेल वाजवतो, कारण त्याच्याकडे स्वतःच्या घराची किल्ली नाही. एकदा मागितली होती. बाप म्हणाला, "मी मेल्यावर घे की सगळंच." एकदा सोमेशने गुपचूप दुसरी किल्ली करून घेतली, तर रामलिंगने कुलूपच बदलले आणि आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाही. मी पट्ट्यावर लटकून हे सारे बघत होतो. मला शिसारी यायची. लोखंड असतो तर गंजून तरी पडलो असतो.

मग दोन गोष्टी घडल्या. चांदीला पॉलिश करून देतो म्हणत एक भामटा दुपारी दारात आला आणि दानम्माचे पैंजण घेऊन पसार झाला. तेव्हापासून रामलिंग बाहेर जाताना लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावू लागला. बायको आत, किल्ली याच्या पट्ट्यावर. दुसरे म्हणजे दानम्माला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी रोज घ्यायचे इन्सुलिनचे इंजेक्शन दिले, ते घेतल्यावर लगेच खायला बजावले, पथ्य सांगितले. रामलिंगने लगेच साखर, गूळ, मधाची बाटली, सगळे कोठीच्या खोलीत नेले आणि त्या खोलीलाही कुलूप ठोकले. "तुझ्याच भल्यासाठी." मित्रांनो, हे शब्द कानावर आले की सावध व्हा. मी आयुष्यात जितकी कुलपे लागताना पाहिली, ती सगळी दुसऱ्याच्या भल्यासाठीच लागली होती.

गेल्या चैत्रातली गोष्ट. कॉलनीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन होता. सकाळी साडेआठला रामलिंग इस्त्रीचा झब्बा, खाली पँट, तिच्या पट्ट्याला मी, असा निघाला. "धाला येतो, मग न्याहारी करू," असे सांगून त्याने जाळीला कुलूप लावले. सोमेश फौंड्रीत, सून प्रियदर्शनी बँकेत. नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही, ही दानम्माची जन्माची सवय. ती आजारपणातही तिने मोडली नव्हती आणि नवऱ्यानेही "तू खाऊन घे" असे कधी म्हटले नव्हते. दहाला येणार म्हणून तिने साडेनऊला इंजेक्शन घेतले आणि पोहे झाकून वाट बघत बसली.

इकडे दहा वाजता रामलिंग भाषणाला उभा राहिला. आधी त्याने दरडावून सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, स्वतःचाही केला. विषय होता, आजच्या पिढीला जबाबदारी पेलवत नाही. "आम्ही दिलं म्हणून हे खातात! उद्या यांच्या हातात घर दिलं, तर चार दिवसांत वाटोळं करतील!" समोरच्या साठ टाळक्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता तो माझ्यावर हात आपटत होता, किल्ल्या खुळखुळत होत्या. साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले.

तेवढ्यात प्रियदर्शनी अनवाणी पळत हॉलमध्ये आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"मामा, किल्ली द्या! आत्ती पडल्यात घरात!" सासऱ्याला ती मामा म्हणते, सासूला आत्ती.

रामलिंगने हात वर केला. "भाषण चालू हाय. खाली बस. दोन मिनिटांत संपवतो."

तिने दोन मिनिटे थांबायला हवे होते का, हे तुम्हीच ठरवा. ती थेट मंचावर चढली आणि मला धरून असा हिसडा दिला की पट्ट्याचा बंद फाटला. मी तिच्या मुठीत आणि ती रस्त्यावर. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बाईच्या हाताचा स्पर्श झाला.

दानम्माने आधी नवऱ्याला फोन लावला होता. तो बंद. मग सुनेला लावला. "पोरी, डोळ्यापुढं अंधारी येतीया," एवढेच बोलली. प्रियदर्शनी बँकेतून घरी धावली, जाळीला कुलूप बघून चपला तिथेच टाकून हॉलकडे पळाली होती. जाळीच्या आत ती फरशीवर कुशीवर पडली होती. डोळे अर्धे मिटलेले. तोंडाला फेस. शेजारच्या बायडाबाई जाळीतून झाडूचा दांडा घालून गुळाचा खडा आत ढकलत होत्या. खडा दानम्माच्या हातापासून वीतभर लांब थांबला होता. "दानम्मा, हात कर गं! एवढा हात कर!" त्या ओरडत होत्या. हात हलत नव्हता.

प्रियदर्शनीने पहिली किल्ली घातली. ती बागेची. दुसरी घातली. ती टाकीची. तिसरी आत गेली पण फिरेना. मित्रांनो, मला माहीत होते. घुंगराच्या उजवीकडची, कानाला किंचित वाकलेली. मला माहीत होते आणि मला तोंड नव्हते. चौथी हातातून निसटली आणि सगळा जुडगा पायरीवर आपटला. तोवर रामलिंग धापा टाकत पोहोचला. "आण हिकडं, मला ठावं हाय," म्हणत त्याने मला घेतले. पण त्याची बोटे एकीवरून दुसरीवर नुसती फिरत राहिली. "पितळी... न्हाय, ती हॉलची... ही... न्हाय गं..." ज्या बोटांचा एवढा गर्व, त्या बोटांना काही आठवेना. जन्मभर जपलेल्या चौदा किल्ल्या त्याच्या तळहातावर नुसते लोखंड होऊन पडल्या होत्या. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

शेवटी बायडाबाईंनीच वाकलेली किल्ली ओळखली. रोज सकाळी त्या आपल्या ओट्यावरून त्याला कुलूप लावताना बघायच्या. "ती वाकडी घाल, वाकडी!" कुलूप उघडले. गूळ पाण्यात कालवून ओठांना लावला, थोडा थोडा गालात सोडला. पाच मिनिटांनी दानम्माने घोट गिळला. मग ॲम्ब्युलन्स, मग दोन दिवस दवाखाना. वाचली.

संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात संघाचे हंबीरराव रामलिंगला समजावत होते, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका. पण सुनेनं मंचावर चढायला नगं होतं. चार माणसांत बरं दिसलं न्हाय." रामलिंगने मान डोलावली. डोलावली हो! बायको वर खाटेवर, आणि हा मान डोलावतो. मित्रांनो, चांदीला ओकारी येत नाही म्हणून, नाहीतर मी तिथेच ओकलो असतो.

तिसऱ्या दिवशी दानम्मा घरी आली. चौथ्या दिवशी सकाळी रामलिंग फिरायला निघाला आणि हात सवयीने कुलपाकडे गेला. सवयीनेच, वाईट हेतूने नव्हे, असे तो नंतर म्हणाला. दानम्मा खाटेवरून उठली.

"हिकडं आणा ते."

"काय?"

"माझ्या बापानं मला दिल्यालं."

आवाज चढलेला नव्हता. पण त्याने मला तिच्या हातात ठेवले. ती पायरीवर बसली आणि अव्वाने ओवल्या होत्या तशा एकेक किल्ल्या सोडू लागली, कुठली कशाची ते त्याच्याकडूनच वदवून घेत. जाळीची प्रियदर्शनीला. घराची सोमेशला, त्याच्या हातून ती दोनदा खाली पडली. हॉलची आणि बागेचीही त्यालाच, "त्या पोरींस्नी दे जा, देवळात डास चावतात त्यांस्नी." कोठीची तिने कुणालाच दिली नाही. उठून कोठी उघडली आणि कुलूप केराच्या डब्यात टाकले. बाकीच्याही ज्याच्या त्याला गेल्या आणि मी हलका होत गेलो. शेवटी एक घुंगरू तेवढे राहिले.

"मग मला काय?" रामलिंगने विचारले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पट्ट्यावरच्या फाटक्या बंदाशी चाळा करत उभा.

"दाराला बेल हाय की," दानम्मा म्हणाली.

मित्रांनो, उद्या तुमच्याही कमरेला किल्ल्या येतील. घराच्या, कचेरीच्या, कदाचित मोठमोठ्या दारांच्या. माझे एवढेच मागणे आहे. ज्यांनी त्या तुमच्या हाती दिल्या, ते तेव्हा कसे हसले होते ते आठवा, आणि तुमच्यानंतरची माणसे जाळीपाशी उभी राहण्याआधी कंबर हलकी करा. मीही आता स्वच्छ झालो आहे. प्रियदर्शनीने मला चिंचेने घासले. मोर दिसू लागले आहेत. मी पुन्हा दानम्माच्या कमरेला असतो, रिकामा.

काल संध्याकाळी दारातली बेल वाजली. तो फिरून आला होता. घुंगराचा आवाज जवळ येतोय का, याकडे त्याने कान लावला असणार. दानम्माच्या हातात चहाचा कप होता. तिने आधी तो संपवला.