घोंगडीपलीकडची वाट

शिदू ठाकर सकाळीच डोंगर उतरून औंढ्याच्या शाळेकडे निघाला. तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर मूल सांभाळायला पोरगी हवी होती आणि त्यानं आपल्या हिरीचं नाव सांगून टाकलं होतं. आता शाळेतून तेवढं नाव काढायचं राहिलं होतं. त्याचं तरी काय चुकत होतं? पोरगी दोन वर्षं शाळेत जात होती. पहिल्याच आठवड्यात तिच्या बोलण्याला गावातली पोरं हसली आणि तेव्हा तिनं जी मिठाची गुळणी धरली, ती आजतागायत. जी तोंडच उघडत नाही ती शिकणार काय?

मराठीचा तास चालू होता म्हणे. शिदूला मात्र तो बाजारच वाटला. वर्गाच्या मधोमध दोरीवर घोंगडी टाकलेली, आणि दोन्हीकडे पोरांची ही दाटी. मराठी शिकवणाऱ्या मुक्ताबाई पुण्याकडच्या, येऊन दोन महिने झालेल्या. पुस्तक मिटून पोरांना एखादं काम लावायचं, बोलल्याशिवाय ते पुरंच होऊ नये अशी मेख मारून ठेवायची, आणि कामात जे शब्द निघतील ते मागाहून फळ्यावर लिहायचे, अशी त्यांची तऱ्हा होती. शिदू दाराशीच थबकला.

घोंगडीच्या अलीकडे त्याची हिरी बसली होती. खडे, पानं, काटक्या मांडून तिनं डोंगरावरच्या आपल्या वाडीपासून शाळेपर्यंतची वाट केली होती. पलीकडे गावातल्या बड्या शेतकऱ्याचा हौशीराम तसेच खडे आणि पानं घेऊन बसला होता. हिरीनं सांगायचं आणि त्यानं न बघता तीच वाट मांडायची. गडी जन्मात कधी वाडीवर गेला नव्हता. बाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून पाटीवर वाट काढायला बसल्या होत्या.

हिरी गप्प. घाम मात्र शिदूला फुटला.

"आगं सांग की!" पलीकडून हौशीराम कावला. "खडा हातातच हाय माज्या."

त्याला काम पुरं करायचं होतं, हसायला सवड कुठली?

"डोंगराच्या अंगाला ठेव," हिरी पुटपुटली.

"मोठ्यानं!"

"डोंगराच्या अंगाला! त्यो झरा. तितनं खालतं चार बोटं सरक. आंब्याचं पान ठेव. आता वळसा घाल. सरळ जाऊ नगं, तितं कडा हाय, पडशील!"

"आयला, पडलोच आसतो की!"

वर्ग हसला, पण हौशीरामला. हिरीही हसली आणि मग काही थांबेचना. तो विचारी, ती सांगे. त्याचं चुकलं की ती डाफरे. आपल्या पोरीपाशी एवढं बोलणं साठलंय हे शिदूला ठाऊकच नव्हतं.

घोंगडी काढली. एक पान सोडलं तर हौशीरामची वाट बिनचूक निघाली. बाईंची पाटी मात्र भलतीकडेच गेली होती.

"अरे, डोंगर कुठल्या अंगाला?" बाईंनी विचारलं.

सगळे हात एकदम खिडकीकडे गेले.

"आणि मी धरला पाटीच्या वरच्या कडेला!" बाई मनमोकळं हसल्या. "बघा, मलाच ठाऊक नव्हतं." मग त्यांनी हिरीचे शब्द होते तसे फळ्यावर लिहिले, शेजारी पुस्तकातले लिहिले आणि पोरांनी दोन्ही उतरून घेतले. शिदूचा ऊर भरून आला. अशी बाई त्यानं पाहिली नव्हती. ठाकराच्या पोरीचा शब्द फळ्यावर चढलेला तर कुणीच पाहिला नव्हता.

"या शिदूभाऊ," बाईंचं लक्ष गेलं. "काय काम काढलंत?"

शिदू दाराशीच उभा राहून मुंडासं सारखं करू लागला. हिरीनं बापाकडे एकवार पाहिलं आणि ती भरल्या वर्गात उठून उभी राहिली.

"बाई, बा माजं नाव काढाया आलाय. तुंगार्लीला पोर सांबाळाया धाडनार हाय. मला जायाचं न्हाई. मला हितं ऱ्हायाचंय."

पोरीनं बापाला आजवर कधी 'न्हाई' म्हटलं नव्हतं. शिदूला राग यायला हवा होता, पण तो काही येईना. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं.

"बंगल्यावर जाऊन न्हाई म्हनून यायला पायजे," तो म्हणाला. "मला काय असं बोलाया येत न्हाई, हिरे. कसं म्हनायचं त्ये तू सांग. मी तसंच म्हनतो."