हिलेगोंडच्या गाई

बोटावर पांढरा रंग घेऊन एव्हर्ट चित्रातल्या ढगाची कड पुसत होता, तेव्हा बारेंट नावाडी दारात येऊन उभा राहिला. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. एरवी तो लायडनहून आला की कालव्यावरूनच हाका मारायचा. एव्हर्टची बायको हिलेगोंड तिथेच बहिणीकडे गेली होती.

"एव्हर्ट, आधी खाली बस."

"ढग वाळतोय. बोल तू."

"हिलेगोंड गेली. बहिणीच्या घरी ताप होता, तो हिलाही लागला. मंगळवारीच पुरलं तिला. साथीत कुणाची वाट बघू देत नाहीत रे."

एव्हर्टने ढगाची कड पुरी केली. मग बसला.

तीन आठवड्यांनी क्विरेन आला. एव्हर्टची चित्रं विकणारा दलाल, जुना माणूस. चित्राच्या लाकडी फळीवर हार्लेमबाहेरचं कुरण होतं, वर भलंमोठं आभाळ, काठीवर रेललेला गुराखी, दोन गाई. तिसऱ्या गाईचं पुढचं अंगच तेवढं झालेलं.

"वा! गाई काढाव्यात त्या तूच, बाबा. बाकीच्यांच्या गाई मेजासारख्या उभ्या असतात. तुझ्या रवंथ करतात."

"माझ्या नाहीत त्या. हिलेगोंडच्या आहेत."

"म्हणजे?"

"आभाळ, झाडं, पाणी माझं. गुरं आणि माणसं ती करायची. पहिल्यापासून. घरातलंच काम, म्हणून खाली नाव माझं."

क्विरेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी बायको गेली तेव्हा मी सांगत सुटलो होतो, गावातली सगळी बिअर तीच गाळायची म्हणून. तिला साधं ताक घुसळता यायचं नाही! दुःखात माणूस काहीही बोलतो."

"मी खरं सांगतोय."

"बरं, खरं."

त्या 'बरं'ने एव्हर्ट पेटला. त्याने एक कोरी फळी ओढली आणि क्विरेनच्या देखत गाय काढायला बसला. पाठ जमली नाही. चारही पाय एकाच बाजूने फुटल्यासारखे दिसू लागले. तोंड डुकराचं झालं. इतकं वाईट काम त्याने इतक्या मनापासून कधी केलं नव्हतं.

"बघ. आता तरी पटलं?"

क्विरेन बराच वेळ ती गाय बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"पटलं रे. किती खचलायस तू! हात पार गेलाय. येईल, उन्हाळ्यापर्यंत येईल परत. मला घाई नाही."

निघताना तो दारात थांबला.

"हे दुसऱ्या कुणापाशी बोलू नकोस मात्र. लोक हसतील. बिचारीचा उगाच तमाशा."

पुढच्या आठवड्यात लायडनहून साडूचं पत्र आलं. थडग्यावरचा दगड तयार आहे. त्यावर 'हिलेगोंड, चित्रकार एव्हर्टची बायको' एवढंच घालतो, चालेल ना, असं त्याने विचारलं होतं.

त्या पत्राला एव्हर्टने अजून उत्तर दिलेलं नाही.