कुंदाबाई कुठं बसणार

मित्रांनो, जरा जवळ येऊन बसा. मला तुमच्याकडे सरकता येणार नाही, कारण माझी चारही चाकं काढून नेली आहेत आणि सध्या मी विटांवर उभी आहे. मी एक जुनी पिकअप आहे. धुळ्याबाहेर हायवेला लागून नथ्थू भंगारवाल्याचं आवार आहे, तिथं माझा मुक्काम असतो. नथ्थू माणूस वाईट नाही. सकाळी माझ्या बॉनेटवर चहाचा कप ठेवतो आणि आज माझं काय काढायचं याचा विचार करत बसतो. परवा आरसा गेला, काल दिवे गेले. उरलीसुरली आहे तोवर माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एकीकडून पत्रा आत जायचा आणि दुसरीकडून आमच्यासारख्या गाड्या बाहेर पडायच्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या तोऱ्यात. मला वाटायचं, आपण शहरात जाऊ, गुळगुळीत रस्त्यांवरून फिरू. नशिबात फैजपूरजवळच्या एका खेड्यातली केळीची बाग लिहिली होती. असो, कुठंतरी राबायचंच होतं.

माझे मालक शालिग्रामभाऊ. त्यांचा मुलगा योगराज मला चालवायचा. बागेत घड कापले की आधी माझ्या हौद्यात केळीची पानं अंथरायची आणि त्यावर घड निजवायचे, म्हणजे साल काळी पडत नाही. ते ओझं घेऊन चिखलातून पक्क्या रस्त्यापर्यंत जायचं, तिथं मोठ्या ट्रकमध्ये माल द्यायचा आणि परत बागेत यायचं. काळ्या मातीतला चिखल काय असतो, ते ज्याची चाकं त्यात रुतली त्यालाच विचारावं. पण व्यापारी घड पाहून म्हणायचा, "भाऊ, तुमच्या गाडीतल्या मालावर डाग नसतो." मग शालिग्रामभाऊ माझ्या पत्र्यावर थाप मारायचे. दसऱ्याला झेंडूची माळ मिळायची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं. एवढ्यावर मी वर्षभर चालायची.

हे झालं मालाचं. आता माणसांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

माझ्या केबिनमध्ये तिघांपुरती जागा होती. लग्नकार्याला निघालं की स्टेअरिंगवर योगराज, खिडकीशी शालिग्रामभाऊ आणि मध्ये त्यांचे थोरले भाऊ झुलालआबा. आबा घरातले मोठे, त्यांच्यावाचून कुठलंच कार्य व्हायचं नाही. आणि शालिग्रामभाऊंची बायको कुंदाबाई? ती मागं हौद्यात. आबा तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठाशेजारी मांडीला मांडी लावून बसायचं नाही आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचंही नाही, अशी त्यांच्या घरची रीत. तिला कुणी 'मागं बस' असं कधी सांगितलंही नाही. ती आपली आपण डोक्यावरून पदर घेऊन हौद्यात चढायची आणि गोणपाटावर बसायची. उन्हाळ्यात माझा पत्रा असा तापायचा की मलाच त्याची लाज वाटायची.

पुढं तिचे गुडघे गेले. हौदा छातीइतका उंच, पाय वर जाईना. एकदा योगराजनं ढकलून चढवलं, तेव्हा घरी येईपर्यंत ती कण्हत होती. त्यानंतर तिनं यायचंच सोडलं.

तिची लेक नूतन पहूरला दिलेली आहे. नूतननं तिथं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला निघायच्या सकाळी योगराज म्हणाला, "माय, तू पुढं बस. आबा राहतीन घरी." पण शालिग्रामभाऊंनीच नको म्हटलं. घरचा मोठा माणूस गेला नाही तर व्याही काय म्हणतील? एसटी दोनदा बदलावी लागते आणि तिच्याही पायऱ्या उंच. कुंदाबाई म्हणाली, "तुम्ही जा. मी घरीच बरी." आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी होती. माझा हौदा त्या दिवशी रिकामा होता आणि मला ओझ्यापेक्षा तो जास्त जड वाटला. लेकीचं घर तिनं मोबाईलवर पाहिलं. त्याला दोन वर्षं होऊन गेली, तरी तिनं त्या घरात पाय ठेवला नव्हता. येता-जाता शेजारणींना सांगायची, नूतनच्या ओट्याला हिरवी फरशी आहे म्हणे.

इकडं मीही थकले होते. चढावर धूर सोडायची, थंडीत सुरूच व्हायची नाही. कुणी मला धुवायचं नाव घेईना. केळीचा चीक वाळून माझा हौदा काळा पडला होता. शेवटी भर तोडणीत मी बागेच्या वाटेवर बसले ती मेस्तरी येईपर्यंत हललेच नाही. तेव्हा घरात ठरलं, नवी पिकअप घ्यायची, मधल्या आकाराची, हातात आहेत तेवढ्याच पैशांत. आणि मला विकायचं नाही. विहिरीजवळच्या निंबाखाली उभं करायचं, कधीमधी खताच्या गोण्या नाहीतर पाण्याचे पाइप वाहायला. खरं सांगू, हे ऐकून मला फार बरं वाटलं. सावलीत पडून राहायचं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

गाडी बघायला आम्ही जळगावला गेलो, आबाही होतेच. योगराजनं मोबाईलवर सगळं वाचून ठेवलं होतं, कुठली किती वजन ओढते, डिझेल किती पिते. शालिग्रामभाऊंचा त्यावर भरवसा नव्हता. "कागदावर काहीही लिहितात," ते म्हणाले, "घड ठेवून पाहू." आणि खरंच बागेतला एक घड कापून पानांवर निजवून त्यांनी माझ्यातून शोरूमला नेला. कुंदाबाईलाही न्यावं लागलं, कारण गाडी पसंत पडली की घरच्या बाईनं जागेवर कुंकू लावायचं असतं. योगराजनं प्लास्टिकचे कॅरेट रचून पायऱ्या केल्या, हाताला धरून तिला चढवलं. जळगाव येईपर्यंत ती दोन्ही हातांनी घड धरून बसली होती. धक्का लागून काळा पडू नये म्हणून.

शोरूमबाहेर मांडवात नव्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. मला शेजारीच लावलं, म्हणून मला सगळं दिसलं. शालिग्रामभाऊ आणि योगराज एकेका गाडीत घड ठेवायचे, आडवा, उभा, मग वीत लावून हिशेब करायचे. जितेंद्र नावाचा शोरूमचा पोरगा आधी हसला, मग गप्प बसून मदत करायला लागला. सिंगल केबिनवाली लांब गाडी सगळ्यांत जास्त मनात भरली. शेवटी एक डबल केबिनवाली राहिली होती.

"काका, हिला मागंही सीट आहे, म्हणून हौदा आखूड," जितेंद्रनं सांगितलं. "माल कमी बसतो आणि पैसे जरा जास्त पडतात."

"म्हणजे जास्त पैसे देऊन कमी माल. असं कोण करीन?" शालिग्रामभाऊ म्हणाले आणि घड उचलून पुन्हा लांबवालीकडे गेले.

कुंदाबाई उन्हात उभी होती. जितेंद्रनं त्याच गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "मावशी, उन्हात कशाला? बसा ना आत." पायरी खाली होती, धरायला दांडा होता. ती कुणाचा हात न घेता चढली. आधी कडेवर बसली, मग हळूच मागं सरकली आणि तिनं पाठ टेकली. माझ्या हौद्यात तिला पाठ टेकायला कधी काही मिळालंच नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्यात बसली आणि तिची जागा माझ्यात नव्हती, हे मला त्या वेळी कळलं.

थोड्या वेळानं शालिग्रामभाऊ आले. "चाल, कुंकू आण. लांबवाली पसंत केली."

"मी अठीच बरी," कुंदाबाई म्हणाली.

"अवं, ही नही घ्यायची. उतर."

"नही उतरत."

झुलालआबा शेजारीच उभे होते. कुंदाबाईचा पदर डोक्यावर होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "एकेक करून बठ्ठ्या गाड्यांत घड ठेवून पाह्यला तुम्ही. मले कोणी ठेवून पाह्यलं का?"

शालिग्रामभाऊंच्या हातात घड तसाच होता. मग आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मले वाटायचं, हिले येणंच आवडत नही," ते म्हणाले. "शालिग्राम, हिचा पाय वर जात नही, हे तुले माहीत होतं?"

"माहीत होतं," शालिग्रामभाऊ खाली बघत म्हणाले.

"मंग हीच गाडी घे."

योगराजनं मान हलवली. "आबा, पैशात बसत नही. ही घ्यायची तर जुनी अठीच द्यावी लागीन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुंदाबाईनंही पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. निंबाखालचं सगळं बोलणं तिच्यासमोरच झालेलं, तिला सगळं ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. पण ती उतरली नाही. कुंकूही तिनं आत बसल्या बसल्याच समोरच्या सीटच्या पाठीला लावलं. खाली पाय ठेवला तर पुन्हा बेत फिरेल, अशी तिला धास्ती असावी.

काही दिवसांनी नवी गाडी न्यायला सगळे आले आणि मला तिथं सोपवलं. शालिग्रामभाऊंनी पत्र्यावर थाप मारली, अगदी हलकेच. योगराजनं नव्या गाडीची किल्ली फिरवली आणि विचारलं, "घरी ना?"

"घरी," पुढून शालिग्रामभाऊ म्हणाले.

"पहूरले," मागून कुंदाबाई म्हणाली.

मधली जागा सोडून मागच्याच सीटवर दुसऱ्या खिडकीशी बसलेले आबा तिच्याकडे न वळताच म्हणाले, "ती म्हणते तठी घे." गाडी पहूरच्या रस्त्याला लागलेली मला दिसली.

मित्रांनो, एक दिवस तुमच्याही घरी नवी गाडी येईल. वजन बघा, डिझेल बघा, हवं तर घडही ठेवून बघा. पण त्याआधी घरात ज्याचे गुडघे दुखतात त्याला आत बसवून बघा. जो नेहमी पुढं बसतो, त्यालाही एकदा भर दुपारी मागच्या पत्र्यावर बसवा. आणि जुनी गाडी देताना तिला एकदा धुवून द्या. मला चिकासकट दिलं, ते जरा लागलं.

शोरूमनं मला ज्याला विकलं तो नथ्थू येतोय, हातात पाना आहे. आज स्टेअरिंगची पाळी दिसते. निंबाची सावली मला मिळाली नाही, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी माझ्याकडे बघून कुंदाबाई खाली उतरली असती, तर मला याहून जास्त वाईट वाटलं असतं.