शातो मोंब्रियाकची बाटली

विश्वजीत गजभियेने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट त्याला साहेबापासून लपवायची होती. आखातातल्या सित्रा बेटावरच्या तेलटाक्यांवर सेफ्टी सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी झाली होती. ती कोणाला द्यायची हे नवे फ्रेंच साहेब, मोस्यू लेकोंत, ठरवणार होते. ते आपणहून म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या घरी जेवायला येतो." झालं. फ्रेंच माणसाला खूश करायचं तर रेड वाइनच पाहिजे, हे विश्वजीतच्या डोक्यात पक्कं बसलं.

सेफ्टीची मॅन्युअलं बाजूला पडली आणि यूट्यूबवर अभ्यास सुरू झाला. बाटली आणली होती बोर्दोतल्या शातो मोंब्रियाक या द्राक्षमळ्याची; तिथली जुनी हवेली, वेलींखालची खडेमिश्रित जमीन, ओकची पिंपं, ग्लास कुठे धरायचा, नाक कधी खुपसायचं. स्पर्धा परीक्षेची पोरंसुद्धा इतकं पाठ करत नसतील.

शुक्रवारी संध्याकाळी माहूज भागातल्या आपल्या फ्लॅटमधली बुद्धमूर्ती त्याने हॉलमधून उचलून बेडरूममध्ये नेली.

"हे काहून?" बायकोने, श्रावस्तीने, विचारलं.

"मूर्तीसमोर बाटली बरी नाही दिसत."

"मंग बाटली न्या ना बेडरूममंदी. रोज पंचशील म्हणता. दारूचं शील आज सुटीवर हाय काय?"

"प्रमोशन होऊ दे, उद्यापासून पुन्हा पाळू."

साहेब आले, हॉलभर नजर फिरवून बसले. विश्वजीतने बाटली उघडली, ग्लास गोल गोल फिरवला आणि इंग्रजीत जे सुरू झाला ते थांबेचना. मोंब्रियाकचे खडे दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात, हे त्याने असं सांगितलं, की जणू लहानपणी तो त्याच खड्यांवर खेळला होता.

"बरीच माहिती आहे तुम्हाला," साहेब म्हणाले.

"सवय आहे सर. जेवताना ग्लास नसला तर घास उतरत नाही."

आणि पुरावा म्हणून त्याने आयुष्यातला पहिला घोट घेतला. चिंचेचं पाणी पितळेच्या भांड्यात विसरून राहावं, तशी चव. तरी गडी हसत राहिला.

साहेबांनी मात्र ग्लासला हात लावला नाही. पाणी मागितलं, श्रावस्तीच्या हातचं मटण मन लावून खाल्लं. जेवण झाल्यावर शांतपणे म्हणाले, "त्या शातोच्या भिंतीला लागूनच आमचं घर होतं. वडील तिथे द्राक्षं तोडायचे, आणि मिळेल ते प्यायचे. पिण्यातच गेले. मी तोंडाला लावत नाही." मग ताट बाजूला सारून, "आधीचा सुपरिंटेंडेंट पिऊन शिफ्टवर आला होता. या जागेवर मला न पिणारा माणूस हवा. तुम्ही बौद्ध आहात, पीत नाही, असं ऑफिसात ऐकलं होतं. खात्री करायला आलो होतो."

विश्वजीतला रडूच यायचं बाकी होतं. "सर, मी खरंच पीत नाही," तो म्हणाला. अर्धा ग्लास अजून हातातच होता.

श्रावस्तीला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं, "सर, खरं आहे. आजवर कधीच प्यायले नाहीत. आज पहिल्यांदाच."

साहेब उठले. तिच्याकडे बघून त्यांनी मायेने हात जोडले.

"माझी आईही लोकांना असंच सांगायची," ते म्हणाले.