युईने दिलेलं पाणमांजर

आपल्याला जपानी येत नाही, हे मानसिंगने कल्पना मॅडमना एकदा नव्हे, दोनदा सांगितलं होतं. पण मासिक चालवणाऱ्या माणसांना नको ते ऐकू येत नाही. "चित्रं तर दिसतात ना तुला? मग झालं," असं म्हणून त्यांनी जानेवारीच्या अंकातली चार पानं त्याच्या नावावर टाकली आणि फोन ठेवला.

परीक्षण लिहायचं होतं 'कागो' या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचं. पहिला भाग बंगळूरच्या पोरांनी कोळून प्यायला होता. खिशात मावेल एवढं यंत्र, त्यात खोचायची काडेपेटीएवढी कार्ट्रिज, आणि पडद्यावर रानोमाळ हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, टोपलीत ठेवायचे, वाढवायचे, दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. दोन यंत्रं तारेने जोडली की आपला प्राणी मित्राला देता यायचा. दुसरा भाग नुकता जपानात निघाला होता, तोही फक्त जपानीत. इंग्रजी यायला वर्ष लागणार. म्हणजे आत्ता जो लिहील तो देशात पहिला, आणि कल्पना मॅडमना पहिलं असण्याचं भारी वेड.

पोटापाण्यासाठी मानसिंग जयनगरच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅम्सना दोन हजार साल उजाडताना भोवळ येऊ नये, एवढ्यासाठी तिथे सत्तर माणसं सहा महिने राबत होती. मानसिंग त्यांतला सगळ्यात काळजीवाहू. बॅकअप घेतल्याशिवाय फाइलला हात लावू नका, असं तो नव्या मुलांना इतक्यांदा सांगायचा की मुलं त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. मासिकातलं लिखाण हा त्याचा शनिवार-रविवारचा शौक होता.

कार्ट्रिज मिळाली ती त्याच्या साहेबांच्या घरी. अरविंद सर मूळचे पुण्याचे. ओसाकातल्या कामावर तीन वर्षं काढून नोव्हेंबरात बायकोमुलीसह बंगळूरला आले होते. त्यांची मुग्धा नऊ वर्षांची. तिच्याकडे तो दुसरा भाग आहे, हे जेवणाच्या सुट्टीत कळलं, आणि सरांनी तिथल्या तिथे दान करून टाकलं. "अरे, घेऊन जा ना! शी डझन्ट इव्हन गो आउट. दिवसभर त्यातच तोंड घालून बसते. दोन आठवडे ठेव."

दान देणारे सर होते. वस्तू मुग्धाची होती. संध्याकाळी मानसिंग त्यांच्या घरी गेला तेव्हा ती यंत्र पोटाशी धरून दारातच उभी होती. तिने नकार दिला नाही. बाबांनी शब्द दिला म्हटल्यावर नकार द्यायचा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. तिने फक्त त्याला शेजारी बसवलं आणि यंत्र चालू करून दाखवलं.

"हे मुगु," ती म्हणाली. पडद्यावर डोक्यावर पान धरलेलं एक पाणमांजर होतं. "युईने दिलंय. युई माझी तिकडची मैत्रीण. ती मला मुगु म्हणायची, म्हणून तिने याचं नाव पण मुगु ठेवलं आणि निघताना मला दिलं. हे बघा, इथे तिचं नाव लिहिलंय. ज्याने पहिल्यांदा पकडलं त्याचं नाव राहतं. कितीही वाढवलं तरी पुसत नाही."

"युईची पत्रं येतात का?"

"त्यांनी घर बदललं," मुग्धा म्हणाली. "नवा पत्ता ती पाठवणार होती."

मग तिने वहीचा कागद फाडून त्यावर दोन ओळी काढल्या, वर एक, खाली एक, आणि खालच्या ओळीवर लाल पेन्सिलीने फुली मारली. "चालू केल्यावर नेहमी वरची ओळ. खालची नाही. कधीच नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मानसिंग म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण शब्द पाळू.

पण यशवंतपूरच्या घरी बसून वरची ओळ दाबली की तो मुग्धाच्या खेळाच्या मध्यावर जाऊन पडायचा. अर्धा मुलूख सर झालेला, टोपली भरलेली, आणि पुढे जो भेटेल तो जपानीत काहीतरी विचारणारा. सुरुवात कशी होते, पहिला प्राणी कसा मिळतो, नवख्याला खेळ जड जातो का, यातलं काही न बघता चार पानं लिहायची कशी? जेवण चाखायला बोलावून कोणी शेवटचा ताकभात पुढे ठेवावा, तसं झालं ते. खालची ओळ म्हणजे नवा खेळ, हे न वाचताही कळत होतं.

त्याने घाई केली नाही. चाचणी घेतली. खालची ओळ दाबली, वीस मिनिटं नवा खेळ खेळला, काही न साठवता यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. वरच्या ओळीत मुग्धाचा खेळ जसाच्या तसा. मुगु डोक्यावर पान धरून जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी त्याने हेच पुन्हा करून पाहिलं. तेच. मानसिंगने निष्कर्ष काढला, की नवा खेळ वेगळ्या जागी राहतो. कॉम्प्युटरवरच्या कुठल्या खेळात तीन-चार जागा नसतात? पोरगी उगाच घाबरते, एवढंच. शहाण्या माणसाने दोनदा पडताळून काढलेला निष्कर्ष इतका गाढवपणाचा असू शकतो, हे त्याला कुठल्याच कंपनीने शिकवलं नव्हतं.

लेख पाठवून झाला तरी खेळ सुटत नव्हता. शनिवारी दुपारी तो तिसऱ्या गावापर्यंत पोचला आणि आता मात्र साठवायला हवं असं त्याला वाटलं. यंत्राने एक प्रश्न विचारला. हो. मग आणखी एक विचारला, नेहमीपेक्षा लांब, चांगला तीन ओळींचा. गेले दोन आठवडे तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत आला होता. त्याने याही प्रश्नाला हो म्हटलं.

साठवून झाल्याची टुणकन घंटा वाजली. चहा पिऊन झाल्यावर सहज मुगुला बघावं म्हणून त्याने यंत्र पुन्हा चालू केलं आणि वरची ओळ दाबली. समोर तिसरं गाव आलं, त्याचं स्वतःचं. त्याने बंद केलं, चालू केलं. तिसरं गाव. कार्ट्रिज काढून पुसली, फुंकली, पुन्हा खोचली. तिसरं गाव. त्या तीन ओळींत काय लिहिलं होतं ते त्याला आता, एक अक्षर न वाचता, लख्ख कळलं. जागा एकच होती. वीस मिनिटांच्या त्या चाचण्यांत काही पुसलं गेलं नाही, कारण त्याने काही साठवलंच नव्हतं.

सत्तर लोकांच्या कंपनीत सगळ्या जगाच्या फायली सांभाळणारा हा माणूस दोन तास ते यंत्र हातात धरून नुसता बसून राहिला. करण्यासारखं काहीच नव्हतं. कुठली फ्लॉपी नव्हती, कोणाला फोन करायचा नव्हता. तसलं पाणमांजर दुसरं पकडता आलं असतं, नदीकाठी हवी तेवढी होती. पण ते पकडलं की त्यावर मानसिंगचं नाव येणार. युईचं नाव फक्त युई लिहू शकत होती, आणि युई कुठे राहते हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी त्याने अक्काला सांगितलं. राजलक्ष्मी अक्का त्याची थोरली बहीण, प्राथमिक शाळेत मास्तरीण.

"अय्यो, असं कसं केलास रे?" अक्काने कपाळाला हात लावला. "मग आता?"

"सरांना सांगतो सोमवारी."

"साहेबाला कशाला? त्याचं काय गेलंय? उद्याच जा. आधी त्या पोरीला सांग, तिने बघायच्या आत. स्वल्प रडेल ती, रडू दे. बाजूला बसून रडणं ऐक. पळून येऊ नकोस. सरी?"

"सरी," मानसिंगने होकार दिला.

रविवारी सकाळी सरांच्या घरी जाताना, जयनगरच्या बसमध्ये, त्याने वाक्य तयार केलं. मुग्धा, माझ्याकडून फार वाईट चूक झाली. एवढंच. कारणं नाहीत, चाचण्या नाहीत. पाठ केल्यासारखं तो ते मनात म्हणत राहिला.

दार सरांनी उघडलं. "अरे, ये ये! परफेक्ट टायमिंग, पोहे होतायत. झाला का रिव्ह्यू लिहून? दहापैकी किती दिलेस?"

"नऊ," मानसिंग म्हणाला. लेख शुक्रवारीच गेला होता. "सर, मुग्धाशी जरा बोलायचं..."

"मुग्धा! काका आलेत!" सरांनी त्याच्या हातातून यंत्र घेतलं आणि धावत आलेल्या मुलीला देऊन टाकलं. "बरं ऐक, थर्टीफर्स्टच्या ड्यूटीचं. तू आणि मी दोघंही हवेत. क्लायंट पॅनिक झालाय..."

"सर, एक मिनिट. मुग्धा, थांब, चालू करू नकोस..."

पण ती खिडकीशी जाऊन बसली होती आणि खेळाची सुरुवातीची धून वाजली होती. पंधरा दिवसांनी भेटायचं म्हणून तिचा चेहरा फुलला होता. मानसिंग उठून तिच्याजवळ गेला. तो पोचेपर्यंत तिने वरची ओळ दाबली होती.

ती ओरडली नाही. तिने टोपली उघडली. आत तीन प्राणी होते. तिने एकेक करून तिन्ही पाहिले, पुन्हा पहिल्यापासून पाहिले, मग मान वर केली. "काका, मुगु कुठे आहे?"

"मुग्धा, माझ्याकडून फार वाईट चूक झाली," मानसिंग म्हणाला. "मी खालची ओळ दाबली. सगळं पुसलं गेलं. मुगुसुद्धा."

"परत आणा."

"आणता येत नाही गं."

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं!" आता ती ओरडली. "प्रॉमिस केलं होतं तुम्ही! मी सांगितलं होतं, कागदावर काढून दिलं होतं! तुम्ही खोटारडे आहात!"

"मुग्धा!" सरांचा आवाज चढला. आतून पोह्यांचा झारा वाजायचा थांबला. "घरी आलेल्या माणसाशी हे असं बोलतात? फॉर अ सिली गेम?"

"सर, तिचं बरोबर आहे. चूक सगळी माझी..."

"तू गप रे. तू अजिबात लाड करू नकोस तिचे. अरे, खेळ आहे, पुन्हा पहिल्यापासून खेळेल. दुसरं काय काम आहे तिला?" आणि मुलीकडे वळून, "सॉरी म्हण काकांना. आत्ताच्या आत्ता."

मानसिंगला बोलायचं होतं. हिने कशाबद्दल माफी मागायची, असं त्याला साहेबाला तोंडावर विचारायचं होतं, आणि शब्द जिभेवर आलेही होते. पण सर हाताची घडी घालून उभे होते, वहिनी दारात आल्या होत्या.

मुग्धाने यंत्र बंद करून खिडकीत ठेवलं. फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले. मग ओसाकाच्या शाळेत शिकवलं होतं तशी ती दोन्ही हात अंगालगत घेऊन ताठ उभी राहिली आणि त्याच्यासमोर कमरेत वाकली.

"सॉरी काका," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली. समोरचा माफ करतो म्हणेपर्यंत वर बघायचं नसतं, असं तिला शिकवलेलं होतं.

सर त्याच्याकडे बघत होते.

"असू दे," मानसिंग म्हणाला.