ऊन उतरल्यावर

दसरूच्या पत्राला देवाजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र होळीच्या सुमारास आलं होतं. आता मृग लागला होता, म्हणजे उन्हाळा संपला होता, असं देवाजी सोडून अख्ख्या मूल गावाचं मत होतं.

पत्र दसरूचं असलं तरी अक्षर त्याची नात पुनम हिचं होतं. दसरूच्या डोळ्यांनी कधीच रजा टाकली होती. मजकूर मात्र त्याचाच, जसा बोलतो तसाच:

"देवाजी, मले आता वाचता येत नाई. टीव्हीतली माणसं नुसती हलताना दिसते. नाला भरला का आमचं गाव दिवाळीवरी बंद. तू ये. पुस्तकं घेऊन ये. तू वाच, मी ऐकतो. पण नाला भरायच्या आधी ये, नाई तर पोहत यावं लागन, अन् तुले पोहता येत नाई."

एवढंच. यात उत्तर द्यायला अवघड असं काही नव्हतं. 'येतो' किंवा 'येत नाही', दोन्ही शब्द देवाजींना येत होते. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाकडे शब्दांचा तुटवडा नसतो. असतो तो फक्त धीराचा.

दसरू पूर्वी मूलला वनरक्षक होता आणि गावच्या नाट्यमंडळाच्या नाटकांत नायक. निवृत्तीनंतर तो गडचिरोलीकडे, धानोऱ्याच्या पलीकडे, आपल्या गावी कोसमटोल्याला निघून गेला. देवाजी त्याच नाटकांचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, प्रॉम्प्टरला रंगमंचापुढे खड्डा खणून त्यात बसवतात. प्रेक्षकांना दिसू नये आणि नटांना ऐकू जावं, अशी त्यामागची सोय. देवाजींना ती जागा पहिल्या रात्रीच आवडली. जिवंतपणी खड्ड्यात बसायला मिळणं आणि वर त्याचं मानधन, असं भाग्य किती जणांचं? दसरूला मात्र एकही प्रवेश कधी धड पाठ झाला नाही. वाक्य विसरला की तो आभाळाकडे बघत मिशीला पीळ देत उभा राही. लोकांना वाटे, काय अभिनय आहे! तेवढ्यात खड्ड्यातून वाक्य येई आणि वर टाळ्या पडत. टाळ्या दसरूच्या, डास देवाजींचे. पंचवीस वर्षं ही वाटणी दोघांनी विनातक्रार पाळली.

तर उत्तर. पत्र आलं तेव्हा देवाजी स्वतःशी म्हणाले, "ऊन उतरू दे, मग लिहू."

हे काही त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यात होळीपासून मृगापर्यंत कुठलंही काम निघालं की माणसं हेच म्हणतात. घराला रंग द्यायचाय? ऊन उतरू द्या. भावाशी अबोला संपवायचाय? ऊन उतरू द्या. सत्तेचाळीस अंशांत माणूस फक्त लग्नाला जातो, कारण तिथे जेवण असतं. शिवाय दर मे महिन्यात पेपरात छापून येतं की आपण आज जगात सगळ्यांत तापलेले होतो. मग तर लोकांना काम न करण्यात जागतिक पातळीचं समाधान मिळतं.

देवाजींनी अगदीच प्रयत्न केले नाहीत असं नाही. एप्रिलमध्ये त्यांनी एक पत्र 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' असं सुरू केलं. ज्याच्याबरोबर एका बिडीचे चार झुरके मारले त्याला विनंती विशेष? फाडलं. दुसऱ्यात वार्धक्यावर चार ओळी जमून आल्या. वाचून पाहिलं तर शोकसभेतलं भाषण वाटलं. तिसऱ्यात त्यांनी आपल्या गुडघ्याची हकीकत लिहिली. ती दोन पानं झाली आणि गुडघा अजून पूर्ण वाकलाही नव्हता.

खरं सांगायचं तर अडचण गुडघ्याची नव्हती, पण ती तशी असती तर बरं झालं असतं. पंच्याहत्तरी उलटल्यापासून लोक देवाजींशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले होते, जणू ते म्हातारे नव्हे, परप्रांतीय झाले होते. एसटीनं त्यांना तिकीट माफ केलं होतं. या वयात माणूस कुठे जात नाही, हे सरकारला बहुधा ठाऊक असावं. अशा माणसानं चार महिने नाल्यापलीकडे जाऊन राहायचं? रात्री दोनदा उठावं लागतं, ते कुणाला सांगायचं? आणि आठ दिवसांत बोलणं संपलं तर? सगळ्यांत वाईट म्हणजे, वाचायचं. मोठ्यानं. देवाजींनी जन्मभर कुजबुजूनच वाचलं होतं. दसरूला आता ऐकूही कमी येत असणार. त्याला ऐकू गेलं नाही तर तो म्हणेल, "लेका, तू बी म्हातारा झाला." आणि ते खरं असेल.

तेव्हा ऊन उतरू नये, यातच देवाजींचं हित होतं. ते उतरू न देण्याचा एकच मार्ग त्यांच्या हातात होता. तो म्हणजे खिडकीतला कूलर.

मृग लागल्यावर पाचसहा दिवसांत गल्लीतले सगळे कूलर खाली उतरले. ताट्यांतलं वाळलेलं गवत उकिरड्यावर गेलं, टाक्या उलट्या करून छपरीत ठेवल्या गेल्या. देवाजींच्या खिडकीत मात्र कूलर अहोरात्र गरगरत होता. बाहेरची हवा ओल्या गोधडीसारखी झाली होती आणि कूलर त्यात आणखी पाणी घालत होता.

"मामाजी, काढू का आता कूलर?" सून नूतननं विचारलं. ती पंचायत समितीत कामाला होती आणि रोज एकदा हे विचारूनच ऑफिसला जायची. मुलगा अश्विन घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात. तो रविवारी येऊन तेच विचारायचा.

"राहू दे. अजून ऊन उतरलं नाई."

"मी स्वेटर घालून स्वयंपाक करून राह्यली, मामाजी."

"मग उन्हाळा बाधला असंन तुले."

समोरच्या नीलाबाई दारात बसून हे रोज ऐकत. त्यांचं वय देवाजींएवढंच, पण त्यांना स्वतःबद्दल कसलीच शंका नव्हती. त्या ओरडल्या, "देवाजी भाऊ, आतमंदी बेडकं पाळले का? रातच्याले आवाज येऊन राह्यला!"

बेडूक आले नाहीत. बुरशी आली. एका सकाळी नूतननं त्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट उघडलं आणि आतून पावसाळी चपलांचा वास आला. पुस्तकं फुगली होती. काहींच्या पुठ्ठ्यांवर हिरवट लव उगवली होती. नूतननं कूलरची पिन काढली. मग अंगणात दोन बाजा टाकून तिनं सगळी पुस्तकं त्यांवर उघडी मांडली, सांडगे-कुरडया मांडाव्यात तशी. ऊन पडलं की आत-बाहेर, आभाळ आलं की बाहेर-आत, अशा देवाजींच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"कसे किलो दिले भाऊ पापड?" नीलाबाई.

"विकायचे नाई."

"तेच म्हणते. कोण घेईन? तुमचे पोरं वाचत नाई, माह्ये बी वाचत नाई. कोणासाठी वाळवून राह्यले मंग?"

नीलाबाईंना टोमणा मारायचा होता, तो मारून त्या भाजी निवडायला वळल्या. देवाजी मात्र हातात एक फुगलेलं नाटक धरून तसेच उभे राहिले. कोणासाठी, याचं उत्तर त्यांना माहीत होतं. तेच तर लिहायचं राहिलं होतं.

त्याच दुपारी नूतनचा फोन वाजला. पलीकडे पुनम होती. कोसमटोल्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची, त्यामुळे ती टाकीवर चढली होती आणि वाऱ्याशी भांडल्यासारखी बोलत होती. नूतननं स्पीकर लावला.

"काकू, देवाजी आबा रागावले का? आमच्या आजोबानं सारं करून ठेवलं. छपराचे कवेलू फेरले, आबासाठी खाट विणली. रोज गाडीच्या टायमाले फाट्यावर जाऊन बसते. दिसत नाई, तरी बसते. मी म्हणलं, आबा नाई येत, उत्तर बी नाई देलं त्याइनं. तं म्हणते, तो प्रॉम्प्टर हाये. उशिरा देते, पण देते!"

नूतननं देवाजींकडे पाहिलं. देवाजींनी भिंतीकडे.

"नाल्याले पाणी आलं का गं?" नूतननं विचारलं.

"पोटऱ्याएवढं हाये. वरती पाऊस पडला तं दोन दिसात गाडी बंद होते."

"घ्या, तुम्हीच बोला," म्हणून नूतननं फोन सरळ देवाजींच्या हातात दिला. देवाजींनी तो तापलेल्या तव्यासारखा धरला. पंचवीस वर्षं त्यांनी राजांची, डाकूंची, बेईमान सावकारांची वाक्यं वेळेवर पुरवली होती. स्वतःचं एक वाक्य हवं होतं, तर ते सापडेना. शेवटी ते म्हणाले, "पत्रानं कळवतो," आणि फोन बंद केला.

नूतननं कपाळाला हात लावला. "पत्रानं! दोन दिवसांत नाला भरते म्हणते ते पोरगी, अन् तुम्ही पत्रानं कळवता?"

"फोनवर मले सुचत नाई."

"मग पत्रात तरी सुचते का? होळीपासून पाहून राह्यली मी. सांगा बरं, जायचं हाये का नाई?"

दसरू फाट्यावर बसलेला देवाजींना दिसत होता: न दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत, बहुतेक मिशीला पीळ देत. आता तो अभिनय आहे असं समजणारं तिथे कोणी नव्हतं.

ते आत गेले. कूलर बंद होता, त्यामुळे खोलीत स्वतःचे विचार स्पष्ट ऐकू येत होते. हे त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी कागद घेतला आणि एका दमात लिहिलं:

"दसरू, येतो. उद्याच्या गाडीनं निघतो. रात्री दोनदा उठतो, कंदील जवळ ठेव. गुडघा वाकत नाही, खाट उंच असू दे. पुस्तकांना वास येतो आहे, नाक मुरडू नको. माझा आवाज लहान आहे हे तुला माहीत आहे. खाट तुझ्या खाटेजवळ लाव. देवाजी."

वाचून पाहिलं. ना शैली, ना विचार. तिसऱ्या वाक्यात तर सरळ लघवीचा विषय. एवढं वाईट पत्र त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. फाडायला बोटं शिवशिवली, म्हणून त्यांनी ते चटकन पाकिटात घातलं आणि टपाल कचेरी गाठली.

खिडकीत टपालबाबू पवन बसला होता. त्यानं पत्ता वाचला. "भाऊ, ही थैली उद्या सकाळच्या गाडीनं गडचिरोलीले जाते. तिथून धानोरा, तिथून मंग कोसमटोला. पोहचाले चार दिवस."

"मी पण उद्याच्याच गाडीनं जाऊन राह्यलो."

"कुठी?"

"कोसमटोल्याले."

पवननं चष्मा वर केला. "म्हणजे हे पत्र तुमच्याच संगं निघंन अन् तुमच्या मागून पोहचंन. टपाल तिकिटाचे पैसे काऊन घालवता? हातानंच नेऊन द्या ना!"

आजवर देवाजींना इतका शहाणा सल्ला क्वचितच कोणी दिला असेल. पण देवाजी देवाजींना ओळखून होते. पत्र हातात राहिलं तर वाटेतल्या व्याहाडपर्यंत ते दोनदा वाचून होईल. तिथून पुढे त्यात सुधारणा सुचतील. गडचिरोलीच्या स्टँडवर ते फाडलं जाईल, आणि फुकट तिकिटाचा माणूस समोरच लागलेल्या मूलच्या गाडीत चढेल. पत्र निघून गेलं असेल, तर मात्र जावंच लागेल. 'येतो' असं लिहून न गेलेला माणूस होण्याइतकं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

"वापस मिळते का टाकल्यावर?" त्यांनी विचारलं.

"नाई मिळत."

"नक्की?"

"लय भानगड हाये, भाऊ. अर्ज करा लागते. साहेब सुटीवर हाये."

"झकास," देवाजी म्हणाले, आणि पत्र पेटीत टाकून वर हातानं आत ढकललं.