बंद खोलीतलं वादळ

आमच्या खोलीत ऊन नाही, वारा नाही, पाऊस तर नाहीच. मुंगीहून लहान गांधीलमाश्या आम्ही इथे जाळीच्या पेट्यांत वाढवतो. मादी मावा किडीच्या पोटात अंडं घालते, त्यातली अळी माव्याला आतून खाऊन टाकते आणि पीक वाचतं. माश्या जन्मल्या की नर-मादी एक दिवस एकत्र ठेवायचे, मग माद्या मावा पडलेल्या रोपांवर सोडायच्या. सहा वर्षं मी हेच करतेय.

खोलीचे मुख्य काका भिंतीवरच्या हवेच्या दाबाच्या काट्याला रोज टिचकी मारतात, म्हणून आम्ही त्यांना ‘वेधशाळा’ म्हणतो. त्या दिवशी बाहेर वादळ घोंघावत होतं. काटा बघून ते म्हणाले, दाब उतरलाय, आज नर माद्यांकडे जायचे नाहीत, माद्या उद्यापर्यंत नरांसोबतच राहू देत. माझं डोकं तापलं. ताईच्या काचघरात ढोबळी मिरचीवर मावा पडला होता, आणि मी तिला तारीख देऊन बसले होते. दार बंद, दिवे चालू, ऊब नेहमीचीच; बंद खोलीत कसलं आलंय वादळ? काका जेवायला गेले आणि मी माद्या रोपांवर हलवल्या. नर जाळीला चिकटून गप्प बसले होते. ते मला दिसलं होतं, तरी हलवल्या.

माद्यांनी अंडी घातली. मावा फुगून सोनेरी झाला, अगदी नेहमीसारखा. आतून नव्या माश्या निघणार, म्हणून मी ऐटीत ताईला त्या माव्याचे डबे पाठवले. माझ्या भरवशावर तिने फवारणीवाल्याला तीनदा दारातून परत पाठवलं होतं.

आज काकांनी त्याच खेपेतला मागे ठेवलेला नमुना भिंगाखाली धरला. मग मला बघायला लावलं. सगळ्यांच्या मिशा लांब. सगळे नर. नर भेटला नाही तरी मादी अंडी घालते, पण त्यातून नुसते नरच निघतात, आणि नर माव्याकडे ढुंकूनही बघत नाही. नव्या पोरींना हे मीच शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

“दार लावलं म्हणून दाब बाहेर थांबत नाही, पोरी,” काका म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी फोन उचलणार तेवढ्यात ताईचाच आला. ती खुशीत होती. काचघरात माश्यांची नुसती झुंबड उडालीय म्हणे, शेजारणीला बोलावून दाखवल्या, माझ्या बहिणीच्या माश्या म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ताई, त्यांत एकही मादी नाही. त्या काही कामाच्या नाहीत. चूक माझी आहे.”

ती हळूच म्हणाली, “पानं चिकट होऊन काळी पडत चाललीत गं. मला वाटलं, बरं होण्याआधी असंच होत असेल. तुला विचारणार होते. पण म्हटलं, तुला वाटायचं, ताईचा आपल्यावर विश्वास नाही.”